रकाना क्रमांक सतरा

कागदावरचा रकाना रिकामा ठेवू नये, असं माझं ठाम मत होतं. मत कसलं, व्रतच म्हणा. पाणीपुरवठा कचेरीत अर्ज घेण्याच्या खिडकीत मी अठ्ठावीस वर्षं बसतो आहे, आणि या अठ्ठावीस वर्षांत एवढं एकच तत्त्वज्ञान माझ्या हाती लागलं, की रिकामा रकाना म्हणजे कडी न लावलेलं दार. कोण कधी आत शिरेल आणि काय लिहून जाईल, नेम नाही. म्हणून जिथं लिहिण्यासारखं काही नसेल तिथं 'निरंक' लिहावं. आता काही नसणं निराळं आणि काही नाही असं कागदावर कबूल करणं निराळं, हे सर्वसामान्य माणसाला समजत नाही. माणसं कुरकुरायची. "साहेब, तिथं लिहायला काही नाहीच हो." मी म्हणायचो, "मग काही नाही असं लिहून आणा." आणि खिडकी ओढून घेऊन डबा उघडायचो. पोळी तोंडात जाताना जरा कुठं देशसेवा केल्यासारखं वाटायचं.

हे पुराण लावायचं कारण माझी अक्का.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत ती शिवणाचा वर्ग चालवायची. जिन्याखालची लांबट खोली, अकरा यंत्रं, एक उंच टेबल आणि खिडकीतून येणारी उन्हाची एक पट्टी. ती पट्टी टेबलाच्या तिसऱ्या पायाशी आली की तास संपला, असा अक्काचा हिशेब. शाळेची घंटा त्यानंतर वाजायची, आणि चुकत असलीच तर घंटा चुकत असायची. अक्काच्या गळ्यात टेप असे. पिवळी, कडा विरलेली, पहिले चार आकडे पुसून गेलेली. ते पुसलेले आकडे तिला बोटांनी वाचता येत. लहानपणी मला वाटायचं, अक्का टेपेसकटच जन्मली असणार.

मापं ती कधी लिहून ठेवायची नाही, गायची. आईचं एक गाणं होतं. आई ते यंत्राच्या तालावर म्हणायची, तिच्यामागून अक्का म्हणायला लागली, आणि बावीस वर्षं वर्गातल्या मुली तेच म्हणत कापड कापत होत्या.

छाती मोजावी, चौघडी दुमडावी,
वर दोन बोटं माया सोडावी;
लेक वाढती, अंग वाढतं गं,
शिवण तिच्यासाठी सैल जोडावी.

शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. तोवर मी अंगात घालत होतो ते सगळे सदरे अक्कानं शिवलेले होते, आणि दर दोन वर्षांनी ती ते उसवून सैल करून देत होती. कापड कुठून येतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तर अशा या अक्काच्या वर्गावर एक परिपत्रक येऊन पडलं. शाळेत काहीही शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे शालान्त प्रमाणपत्र पाहिजे. अक्काची शाळा नववीत सुटली होती. पण ही बाई खमकी. बाहेरून बसून तिनं गेल्याच वर्षी सगळे विषय उरकले होते. विज्ञानात तर तिला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त पडले. हे मी कचेरीत कोणाला सांगितलं नाही. मात्र गुणपत्रिका आली तरी प्रमाणपत्र येईना. चौकशी केली तेव्हा कळलं, नवा नियम झाला आहे: विषय कोणतेही घ्या, कितीही गुण मिळवा, पण वाचन-लेखन आणि अंकज्ञान या दोन स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र हातात पडणार नाही. शाळेनं अक्काला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली. प्रमाणपत्र आलं तर वर्ग अक्काचा, नाही आलं तर दुसरीचा.

अर्ज घेऊन अक्का आमच्याकडे आली. "धाकट्या, एवढा अर्ज बघशील का रे?"

मला आतून गुदगुल्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा अक्काला माझ्याकडून काहीतरी हवं होतं, आणि तेही माझ्या प्रांतातलं. मी चष्मा पुसला, हात धुतले, टेबलावर स्वच्छ कागद अंथरला. बायको दारात उभी राहून बघत होती.

"त्या 'बघशील का' म्हणाल्यात," ती म्हणाली. "'भर' म्हणाल्या नाहीत."

"बघणं आणि भरणं यात फरक नसतो," मी म्हणालो.

"विहिरीच्या बाबतीत असतो," ती म्हणाली आणि आत गेली. आमच्या घरात अशी वाक्यं टाकून आत जाण्याची पद्धत आहे.

अर्ज देखणा होता. बावीस रकाने. मी झरझर भरत गेलो. अक्का शेजारी बसून माझ्या बाहीचं बटण घट्ट करत होती. सतराव्या रकान्यात विचारलं होतं: 'उमेदवार आपल्या कामातील कोणते साधन परीक्षेस सोबत आणणार आहे?' मी जरा थबकलो. साधन? कचेरीच्या कागदानं 'सोबत काय आणणार' असं विचारलं की त्यात काहीतरी गोम असते, हा अठ्ठावीस वर्षांचा अनुभव. शिवाय माझी बहीण परीक्षेला बसणार होती, झगे शिवायला नव्हे. चार सुशिक्षितांत ती गळ्यात टेप अडकवून जाणार की काय? मी वळणदार अक्षरात लिहिलं: निरंक.

"काय होतं ते?" अक्कानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. आणि ते अगदी तंतोतंत खरं होतं, हीच तर त्या शब्दाची खुबी.

अठरावा रकाना होता 'मार्गदर्शकाचे नाव व पात्रता'. तिथं मी माझं नाव लिहिलं. जरा मोठ्या अक्षरात.

परीक्षा मंडळाच्या कचेरीत तिसऱ्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, बोट फिरवलं आणि अठराव्यावर थांबवलं. "मार्गदर्शक कोण?"

"मी."

"तुमचं प्रमाणपत्र?"

मी छाती पुढं काढून दिलं. बाईंनी ते उन्हात धरून पाहिलं, जसं काही त्यात पाणी मिसळलं असावं. "हे जुनं आहे. अटी लागू होण्याआधीचं. मार्गदर्शकानं या दोन्ही परीक्षा दिलेल्या असल्या पाहिजेत."

"बाई, मी अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी करतोय!"

"नोकरी करता येते," बाई शांतपणे म्हणाल्या. "मार्गदर्शन करता येत नाही. नाव खोडा, नाहीतर सहउमेदवार म्हणून परीक्षेला बसा."

मागं रांग होती. रांगेत आमच्या कचेरीतला एक शिपाई होता आणि त्याला ऐकू फार चांगलं यायचं. अशा वेळी शहाणा माणूस नाव खोडतो. मी स्वतःसाठी एक कोरा अर्ज मागून घेतला.

घरी आल्यावर बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "अहो, म्हणजे तुम्ही अजून साक्षर ठरायचेच आहात?"

बातमी जिन्यानं खाली गेली ती 'सविस्तर' यांच्याकडे. हे खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. कोणी 'कसं काय' विचारलं तरी 'सविस्तर सांगतो' म्हणून खुर्ची ओढणारे. ते स्वतःची खुर्ची घेऊनच वर आले. "अंकज्ञान ही शिस्त आहे," त्यांनी सुरुवात केली. "ताईंचं कसं आहे, त्यांना उत्तर येतं पण रीत येत नाही. रीत नसलेलं उत्तर म्हणजे पाया नसलेलं घर. आधी घर पाडावं लागेल."

आम्ही घर पाडायला घेतलं.

"चौऱ्याण्णवचा चौथा हिस्सा," मी विचारलं. अक्कानं टेप चौऱ्याण्णववर धरली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "साडेतेवीस. म्हणजे साडेपंचवीस."

"साडेतेवीस की साडेपंचवीस?"

"साडेतेवीस अंगाचे, दोन मायेचे."

"गणितात माया नसते!" सविस्तर गरजले. वाक्य इतकं थोर होतं, की ते मी वहीत लिहून घेतलं.

"टेप ठेव बाजूला," मी म्हणालो.

"मग मोजू कशानं?"

"डोक्यानं."

"डोकं काय चार पदरी दुमडतं होय रे?" अक्का म्हणाली, पण टेप ठेवली. टेबलावर ठेवली, तर हात तिकडंच जाई. म्हणून मी ती कपाटात ठेवली. मग तिचा हात नुसताच गळ्याकडं जायला लागला, आणि तिथं काही नाही असं कळल्यावर परत यायला लागला.

समोरच्या नर्सबाई एकदा साखर मागायला आल्या आणि हा तमाशा बघत उभ्या राहिल्या. "कशाला छळता हो त्यांना?" त्या म्हणाल्या. "मी सलाइनचे थेंब घड्याळात बघून कधी मोजले नाहीत, माझ्या श्वासावर मोजते. एक पेशंट वर गेला नाही. त्यांच्या रीतीनं करू द्या की."

"नर्सबाई," सविस्तर म्हणाले, "आपण साखर घ्या."

सगळ्या सल्ल्यांत हा एक सल्ला शहाणपणाचा होता, आणि तेवढाच आम्ही साखरेबरोबर परत पाठवला.

टाकीचं गणित आलं तेव्हा तर कहर झाला. एका नळानं टाकी इतक्या वेळात भरते, दुसऱ्यानं तितक्या वेळात रिकामी होते, दोन्ही नळ सुरू ठेवले तर कधी भरेल? अक्का पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "खालचा नळ बंद का करत नाहीत? धाकट्या, तू पाण्याच्या कचेरीत आहेस ना? तुमच्याकडं असंच चालतं?" मी उत्तर दिलं नाही, कारण आमच्याकडं असंच चालतं. मी गणित करायला घेतलं. दोन पानं झाली, टाकी ओसंडून वाहिली. सविस्तरांनी दीड तास घेतला. त्यांची टाकी भरण्याआधीच रिकामी झाली. शेवटी पुस्तकामागचं उत्तर पाहून आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि अक्काला म्हटलं, "आता कळलं ना?"

"कळलं," अक्का म्हणाली. तिला काय कळलं, ते मी विचारलं नाही.

पण ती शिकत होती. तिनं रीत उचलली. मुकाट्यानं भागाकार मांडायची, हातचे घ्यायची, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायची. दोन मायेचे मिळवायचं सोडलं. गाणंही सोडलं. बेरीज करताना तिचे ओठ हलत, तेव्हा मी नुसता खाकरायचो, की ओठ मिटत. एक दिवस तिनं वर्गातला एक प्रसंग सांगितला: एका मुलीचा झगा तिनं स्वतः कापून दिला, आणि तो अंगालगत बसला. काखेत काचला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"माया विसरले रे," ती म्हणाली आणि स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली.

मला आनंद झाला. हे मी लपवत नाही, लपवून आता उपयोग नाही. मी खाली जाऊन सविस्तरांना सांगितलं, "प्रगती आहे."

परीक्षेचं सभागृह मोठं होतं, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या माझी प्रतिष्ठा पाय घसरून पडली. एका बाकावर नळजोडणीवाला बसला होता. हे माझ्या खिडकीचं जुनं गिऱ्हाईक. मी त्याला किमान सहा वेळा परत पाठवलं असेल. मला पाहताच तो अर्धा उठला. "साहेब! तुम्ही इथं?" मग चेहरा उजळला. "रकाना राहिला होता वाटतं एखादा?"

सगळा हॉल हसला. माझे कान तव्यासारखे तापले.

सकाळचा पेपर वाचन-लेखनाचा होता. एकशेवीस शब्दांत पत्र लिहायचं होतं, मी चारशेपर्यंत गेलो. दहा गुणांसाठी एक नमुना अर्ज भरायचा होता. तो मी असा भरला, की तो चौकटीत लावून भिंतीवर टांगावा.

दुपारी अंकज्ञान. सुट्टीनंतर आत आलो आणि बघतो तर बाकं भरलेली. सुतारापुढं घडीची फूटपट्टी. नळजोडणीवाल्यापुढं लोखंडी माप. खानावळ चालवणाऱ्या एका बाईंपुढं अर्धा पेला आणि पाव पेला, एकात एक. बागकाम करणाऱ्या म्हाताऱ्यानं गाठी मारलेली दोरी आणली होती. ज्याचं त्याचं गणित ज्याच्या त्याच्या बाकावर मांडून ठेवलेलं होतं, आणि माणसं कशी सैल बसली होती, जणू ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन आली होती. सतरावा रकाना माझ्या डोळ्यांपुढं हळूहळू, माझ्याच वळणदार अक्षरांत उघडला.

अक्का माझ्या पुढच्या बाकावर. त्या दिवशी सकाळी माझ्या नकळत तिनं कपाटातून टेप काढून गळ्यात घातली होती. पदराखाली होती, मला दिसली नव्हती. आता इतरांचं पाहून तिनं ती हळूच काढली आणि बाकावर ठेवली. तिचे खांदे खाली आले. इतक्या आठवड्यांत ते वर चढलेले होते, हे मला ते खाली आले तेव्हा कळलं.

देखरेखीच्या बाई यादी घेऊन फिरत होत्या. अक्कापाशी थांबल्या. "टेप चालते, ताई. पण अर्जात लिहिलेली असेल तरच." त्यांनी कागद उलटला. "तुमच्याकडं तर निरंक आहे."

"निरंक म्हणजे?" अक्कानं विचारलं.

"काही नाही."

बाई वाईट नव्हत्या. मी आजही सांगतो, त्या बाई फार चांगल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "अर्ज तुम्हीच भरलात का? दुसऱ्या कोणी भरला असेल तर मार्ग आहे. त्यानं पुढं येऊन या वहीत 'माझी चूक' म्हणून सही करायची, मी आत्ता टेप देते. उमेदवाराची स्वतःची चूक असेल तर मात्र दुरुस्तीची मुदत संपली."

एक सही. आयुष्यभर मी लोकांकडून सह्या घेत आलो. नळजोडणीवाला मान वळवून माझ्याकडंच बघत होता, अजून मघाचं हसू तोंडावर. साऱ्या हॉलसमोर चालत जायचं, वहीत लिहायचं, की पाणीपुरवठा कचेरीच्या अर्जखिडकीचा माणूस अर्ज भरताना चुकला.

अक्कानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. आणि ती नजर मागत नव्हती, मोजत होती. कुठं दाटतंय, कुठं सैल करायला हवंय, सदरा घालून समोर उभा राहिलो की बघायची, तशी. मग ती पुढं वळली.

"मीच भरला," ती म्हणाली.

मी उठलो होतो. म्हणजे गुडघे उठले होते. उरलेला मी उठेपर्यंत घंटा वाजली, बाईंनी टेपेची नीट गुंडाळी करून ती टेबलावर नेऊन ठेवली, आणि नळजोडणीवाल्यानं तोंड फिरवलं. तो आता हसत नव्हता.

पुढचे दोन तास मला अक्काची पाठ दिसत होती. तिचा हात गळ्याकडं जाई आणि परत येई.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा गेला?"

"एक गणित झग्याचं होतं," ती म्हणाली. "प्रत्येक बाजूला माया सोडून कापड किती लागेल, असं सरळ विचारलं होतं त्यांनी. मी आधी बरोबर लिहिलं. मग तुमचे ते सविस्तर कानात ओरडले. खोडून टाकलं." आणि हसली. ती हसली नसती, तर बरं झालं असतं.

निकाल लागला. उत्तीर्ण व्हायला चाळीस गुण हवे होते. अक्काला वाचन-लेखनात एकाहत्तर, अंकज्ञानात अडतीस. खोडलेलं गणित चार गुणांचं होतं. मला अंकज्ञानात बेचाळीस. टाकी मला परीक्षेत आली नाही, एवढंच माझं नशीब. माझ्या गुणपत्रिकेत एक ओळ होती: 'अर्ज बिनचूक भरणे: दहापैकी दहा.' बायकोनं ती ओळ वाचली, गुणपत्रिका घडी करून माझ्यापुढं ठेवली आणि काहीच न बोलता आत गेली. वाक्य न टाकता आत जाणं आमच्या घरात त्याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिसऱ्या खिडकीशी उभा राहिलो.

"चूक माझी होती, बाई. अर्ज मी भरला होता. मी लिहून देतो."

"तिथंच सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि तरी त्यांनी एक छापील कागद दिला. त्यात एक रकाना होता: 'चुकीचे कारण, एका ओळीत'. मी लिहायला लागलो. पहिल्यांदा 'अनवधान' लिहिलं आणि खोडलं. मग टेपेबद्दल लिहिलं, नळजोडणीवाल्याबद्दल लिहिलं, कागदाच्या मागच्या बाजूला गेलो, एक पुरवणी जोडली. रांग माझ्या मागं वाढत गेली. शेवटी बाईंनी कागद ओढून घेतला आणि पुरवणीसकट सगळा वाचला.

"हे एका ओळीत बसत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "घेता येणार नाही."

मी ओळखला तो आवाज. अठ्ठावीस वर्षं तो माझा होता. फक्त माझ्या तोंडी तो हलका नव्हता.

वर्षअखेरीला अक्कानं वर्गाची किल्ली दिली. मी तिच्यासोबत गेलो होतो सामान आणायला. सामान म्हणजे एक कात्री, खडूचा डबा आणि आईचं बोटात घालायचं अंगुस्तान. मुली रांगेत उभ्या होत्या. काही तरी बोला, असं मोठ्या बाई म्हणाल्या, तर अक्का म्हणाली, "सातव्या यंत्राला तेल जास्त लागतं." एवढंच. उन्हाची पट्टी टेबलाच्या तिसऱ्या पायाशी आली होती. आम्ही बाहेर पडलो आणि मग घंटा वाजली.

तिच्या जागी आलेली मुलगी चांगली आहे. प्रमाणपत्र आहे, अंकज्ञानात ब्याण्णव गुण आहेत. दर आठवड्याला ती बाही लावून बघायला अक्काकडं येते. "मावशी, माझी बाही नेहमी काचते हो. माप तर बरोबर असतं." अक्का तिला समोर बसवते आणि दोन बोटं पुढं करते. गाणं मात्र अजून अक्काच्या तोंडून पुरतं येत नाही. तिसऱ्या ओळीपाशी थांबते, मग नुसती मान हलवते. ती तिसरी ओळ मी थांबवली आहे, हे मला ठाऊक आहे. आता मी कितीही वेळ न खाकरता बसलो, तरी ती येत नाही.

परवा अक्का आमच्याकडं आली ती कोरा अर्ज घेऊनच.

"पुन्हा?" मी विचारलं. "अक्का, वर्ग तर गेला."

"वर्गासाठी नाही रे."

"मग?"

"एक रकाना राहिलाय माझा," ती म्हणाली. "बस समोर. पेनाला हात लावायचा नाही."

मी हात मांडीखाली घेऊन बसलो. बायको दारात येऊन उभी राहिली. अक्का सावकाश लिहीत होती. तिचं अक्षर टाक्यासारखं, बारीक आणि एका अंतरावर. सतराव्या रकान्यापाशी आली तेव्हा तिनं गळ्यातली टेप काढून कागदावर ठेवली, जणू तिला दाखवूनच लिहायचं होतं. लिहिलं: टेप. मग जरा विचार करून पुढं लिहिलं: पिवळी.

मग अठरावा. 'मार्गदर्शकाचे नाव व पात्रता'. माझ्याकडं आता दोन्ही परीक्षांचं नवंकोरं प्रमाणपत्र होतं. कोणतीही खिडकी मला अडवू शकत नव्हती.

अक्कानं मान वर केली. माझ्या सदऱ्याकडं पाहिलं. हात पुढं करून खांद्याची शिवण चाचपली आणि म्हणाली, "दाटतोय की रे हा. जाताना काढून दे, सैल करून देते. आहे आत कापड."

मग खाली वाकून तिनं अठराव्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि अर्ज माझ्याकडं सरकवला. "बघ. काही चुकलंय का?"

निरंक.

मी दोनदा वाचला. अठ्ठावीस वर्षांची नजर लावून, पहिल्या रकान्यापासून शेवटच्या सहीपर्यंत. एकही रकाना रिकामा नव्हता. अर्ज बिनचूक होता.